बिनभोकाच्या पिशव्या

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. धंद्याच्या बाकीच्या आठवणी मी पुष्कळांना सांगितल्या आहेत. ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी मुदतीआधी सोडून मी भाजीच्या पॅकिंगमध्ये कसा पडलो, मुंबईला निघालेला पहिलाच टेम्पो कसारा घाटात कसा बंद पडला, मग टोमॅटो वाटसरूंना कसे वाटले, वगैरे. ऐकणारे हसतात. पुढे एका हिवाळ्याची गोष्ट येते. तिथवर आलो की मी उठतो आणि चहाचं विचारतो.

पत्नी होती तोवर ही गोष्ट ठाऊक असलेलं माझ्याशिवाय आणखी एक माणूस होतं. आता मी एकटा उरलो आहे, म्हणून लिहून ठेवतो.

पंचवटी मागे टाकून पेठ रोडने निघालं की घरं विरळ होत जायची. आता तशी राहिली नाहीत, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तिथे मोकळी शेतं होती. त्यांच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. धंदा माझा आणि माझ्या मेहुण्याचा. पुढच्या भागात भाजी निवडायची, मागे कोल्डरूम. कोल्डरूम म्हणजे जाड थर्माकोलच्या भिंतींची, एकही खिडकी नसलेली खोली. तिचं दार ओढून घेतलं की बाहेरच्या बायकांच्या गप्पा कापून टाकल्यासारख्या बंद व्हायच्या. मग फक्त यंत्राची घरघर. वीज गेली की तीही नाही.

हिवाळ्यात आमचा मुख्य माल सोललेला मटार. आसपासच्या बायका सकाळी यायच्या, पोत्यांवर बसून शेंगा सोलायच्या. दाणे पिशव्यांत भरून, पायाने दाबायच्या मशीनवर तोंड सील करून कोल्डरूममध्ये ठेवायचे आणि एक दिवसाआड मुंबईच्या हॉटेलांना पाठवायचे.

कोल्डरूमचं सगळं काम मामा बघायचे. मामा सुरगाण्याकडचे. भात कापून झाला, नागली घरात आली की त्यांच्या पाड्यावरची माणसं कामाला खाली उतरतात, तसे तेही आले आणि आमच्याकडे टिकले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. बुटके, काटक, बोलायला कमी. शेडमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणायचे, मीही. कोल्डरूममध्ये सारखी ये-जा म्हणून मी त्यांना माझा कारखान्यातला जुना लोकरी कोट दिला होता. तो त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा. मेहुणा म्हणायचा, "मामा, कोटाला सांगा जरा चालायला, तुम्ही आत बसून राहा." मामा हसायचे. त्यांची मुलगी बायकांमध्ये बसून मटार सोलायची. तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात होणार होतं.

मामांची एक सवय माझ्या पहिल्यापासून लक्षात होती. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की ते आधी लोट्यातलं थोडं पाणी जमिनीवर सोडायचे, ओठ हलवायचे, मग पहिला घास घ्यायचे. मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे दारू प्यायच्या आधी पानाच्या द्रोणातून चार थेंब जमिनीवर टाकतात, गेलेल्यांची नावं घेऊन. आधी त्यांना, मग आपल्याला. मामांचे वडील दारूपायीच गेले होते. भाताच्या खाचरात पालथे सापडले, पाणी जेमतेम घोट्याएवढं. आंघोळ घातली तरी अंगाचा मोहाच्या दारूचा वास गेला नव्हता. पुढे काही वर्षांनी पाड्यावरच्या बऱ्याच घरांनी बैठकीत एकत्र शपथ घेतली आणि दारू सोडली. मामांनीही सोडली. मुलीची सोयरीक झाली तीही अशाच शपथ घेतलेल्या घरी, आणि त्यांची अट एकच होती, की मुलीच्या बापाने शपथ मोडता कामा नये.

"मग आता गेलेल्यांना काय देता?" मी विचारलं होतं.

"पानी देतो. घेत्यात बिचारे."

आता पिशव्यांचं सांगतो.

आमच्या पहिल्या पिशव्यांना बारीक भोकं होती. त्यांतून मटारचं पाणी उडायचं. दोन-तीन दिवसांत दाणा सुकायचा, सालीला सुरकुत्या पडायच्या, वजनही थोडं उतरायचं. मुंबईचा गिऱ्हाईक कुरकुरायचा. कारखान्यात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकलो होतो, की फट दिसली की बंद करायची. मी पिशवीवाल्याला सांगितलं, जाड कागद द्या आणि भोकं नकोत. तो म्हणाला, "साहेब, मटारला?" मी म्हणालो, "मटारलाच." कागद म्हणजे प्लास्टिकच, सगळे तसंच म्हणायचे.

नव्या पिशव्या आल्या आणि मटार असा दिसायला लागला की बघत राहावं. हिरवागार, ताणलेला दाणा, आतून प्लास्टिकला दवाचे थेंब. चार दिवसांनी काढला तरी जणू आत्ताच सोलला आहे. मेहुण्याने पाठीवर थाप मारली. मी एक पिशवी ऑफिसच्या टेबलावर ठेवली होती, आलेल्या माणसाला दाखवायला.

मग भारनियमन वाढलं. दुपारी वीज जायची ती काही तास यायचीच नाही. जनरेटर घ्यायचा विचार होता, तो विचारच राहिला. आम्ही कोल्डरूमचं दार घट्ट लावून ठेवायचो, गारवा आत कोंडून राहावा म्हणून.

पिशव्या फुगायला लागल्या ते मामांनी पहिल्यांदा पाहिलं. मला हात धरून आत नेलं. वीज गेलेली होती. टॉर्चच्या उजेडात रॅकवर ओळीने पिशव्या होत्या, काही सपाट, काही उशीसारख्या टरटरलेल्या. मी एक हातात घेतली. आत दाणे तसेच हिरवेगार. तळाशी बोट लावलं तर मला ती कोमट वाटली. त्या खोलीत कोमट काही असायला नको होतं.

"हवा राहिली असेल सील करताना," मी म्हणालो.

मामांनी बोट वर केलं, ऐका म्हणून. मी ऐकलं. यंत्र बंद, दार बंद. त्या शांततेत कुठून तरी चुर्र असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाकडून. मग अगदी माझ्या कानाजवळून. पिशव्या हलत नव्हत्या, पण प्लास्टिक कुरकुरत होतं, जसं कुणी झोपेत कूस बदलावी तसं.

"गरम-गार होतंय म्हणून," मी म्हणालो आणि बाहेर आलो. जरा भरभरच आलो.

वास त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाला. मामा सकाळी कोल्डरूम उघडून परत आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"साहेब, काल आत कोनी आलतं का?"

"कोण येणार? किल्ली तुमच्याकडे."

"तेच तर."

"का? काही गेलंय का?"

"गेलं नाय. वास येतोय."

"कसला?"

ते खाली बघत म्हणाले, "बाचा."

मी आत जाऊन आलो. वीज नुकतीच आली होती, पंखा जोरात फिरत होता. मला नीट काही कळलं नाही. काहीतरी गोडसर, आंबूस होतं, नाकाच्या मुळाशी चढणारं, आणि लगेच नाहीसं होणारं. पण बाहेर येऊन मामांच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा तो वास मला स्वच्छ आला. त्यांच्या अंगावरच्या कोटाला येत होता. लोकर वास धरून ठेवते, हे काही मला सांगायला नको होतं. मी तेव्हा एवढंच मनात म्हटलं, की असं आहे तर.

दोन दिवसांनी मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, पुन्हा सुरू केली का? खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही."

"साहेब, मी पेत नाय. मलाबी येतो तो वास. माझा नाय तो."

मेहुण्याच्या कानावर हे गेलं आणि त्याला खेळ मिळाला. तो येता-जाता म्हणायचा, "काय मामा, आज आले होते का वडील? माल मोजून घेतला का त्यांनी?" किंवा, "वडिलांना सांगा, येताना आमच्यासाठी पण एक आणा." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मुलगी मान खाली घालून सोलत राहायची. मामा कोल्डरूममध्ये जायचे टाळायला लागले. जायचंच झालं तर दाराशी थांबून काहीतरी पुटपुटायचे. दुपारी त्यांनी लोट्यातून पाणी सोडणं बंद केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाला पानी पुरत नाय आता. इतक्या लांब आला, कायतरी मागत आसंल."

त्याच सुमारास मुंबईहून फोन आला होता. मटारला वास मारतोय, आचारी कटकट करतोय. भाव पाडायचा नेहमीचा बहाणा, असं म्हणून मी फोन ठेवला. दोन गोष्टी एकाच आठवड्यात माझ्या समोर होत्या. मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटल्या नाहीत.

एके दुपारी मेहुण्याला कोल्डरूमच्या दारामागच्या बारदानात देशी दारूची बाटली सापडली. त्याने ती वर धरली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या. भुताची क्वार्टर सापडली."

मी मामांना बोलावलं. बायका सोलायच्या थांबल्या.

"ही कुणाची?"

"मीच आनली साहेब. पन माझ्यासाठी नाय. बाला द्यायला."

"बाला द्यायला."

"उंबऱ्यावर चार थेंब टाकतो नि झाकन लावून ठेवतो. मंग आत जायला भ्या वाटत नाय. मी तोंडाला लावली नाय. बघा तुम्ही, भरलेली हाय."

बाटली खरंच भरलेली होती. झाकणभर कमी असेल. ते मी पाहिलं होतं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, चार थेंब वडिलांना आणि दुसरी बाटली याच्या पोटात. अख्ख्या शेडला वास मारतोय, आणि आपण भुताचं ऐकत उभे."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी मी मामांना पहिल्यांदा अरेतुरे केलं. म्हणालो, "तोंड उघड. फुंक."

त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं. मग जवळ येऊन, डोळे मिटून, माझ्या तोंडावर फुंकर मारली.

त्या तोंडाला कांद्याचा आणि नागलीच्या भाकरीचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता. दारूचा वास होता, पण तो कोटातून येत होता, दाराच्या फटीतून येत होता, चहूकडून येत होता, फक्त त्यांच्या तोंडातून येत नव्हता. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळलं. आणि मी मागे वळून सगळ्यांना म्हणालो, "येतोय."

का म्हणालो, याची मी अनेक कारणं स्वतःला देऊन पाहिली आहेत. एवढ्या लोकांसमोर तोंड उघडायला लावलं होतं, आता नाही कसं म्हणायचं, हे त्यातलं सगळ्यात खरं.

मामांनी वाद घातला नाही. कोट काढला, कोल्डरूमच्या आतल्या खुंटीला नेऊन टांगला, किल्ली टेबलावर ठेवली. मुलगी मांडीवरचे दाणे टोपलीत झटकून उठली. ती जाताना म्हणाली, "साहेब, माझ्या सासरी हे कळंल." मी म्हणालो, "हा विचार आधी करायला हवा होता." कुणी आधी विचार करायला हवा होता, ते मी बोललो नाही.

वास तसाच राहिला.

नवा माणूस मिळेपर्यंत कोल्डरूम मी बघत होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोटाचा असेल. कोट बाहेर उन्हात टाकला. दुसऱ्या दिवशी वीज गेलेली असताना आत गेलो तर वास दाराशीच उभा होता, आदल्या दिवसापेक्षा दाट. आता त्या खोलीत मामा नव्हते, कोट नव्हता, बाटली मी स्वतः मोरीत ओतली होती. मी टॉर्च फिरवला. रॅकवर हिरव्या पिशव्या फुगून बसल्या होत्या. रिकाम्या खुंटीची सावली भिंतीवर पडली होती. चुर्र असा आवाज झाला. मग गप्प. मग पुन्हा, जवळून. मी मोठ्याने म्हणालो, "कोण आहे?" माझाच आवाज त्या थर्माकोलने गिळून टाकला.

मी यंत्रांवर आयुष्य काढलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना हसत आलो होतो. तरी तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एक गोष्ट केली, जी मेहुण्याला कधीही कळली नाही. लोटा भरला, कोल्डरूमच्या उंबऱ्यावर पाणी सोडलं आणि मनात म्हणालो, तुमचा मुलगा गेला हो इथून, आता तुम्हीही जा. कुणाचे वडील, काय नाव, मला काही माहीत नव्हतं. पाणी सिमेंटवर पसरलं आणि दारातून आत ओघळलं.

उलगडा झाला तो माझ्या स्वयंपाकघरात, सकाळी उजेडात. रॅकवरची एक पिशवी मी घरी नेली होती. पत्नीला उसळ करायची होती. दाणे इतके हिरवे की ती कौतुकाने बघत होती. तिने कात्रीने पिशवीचं तोंड कापलं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि ती एकदम मागे सरकली.

"अगंबाई. यात दारू सांडली का कुणी?"

मी पुढे झालो. तो तोच वास होता. त्या फाडलेल्या पिशवीतून तो ओट्यावर, भांड्यांवर, देव्हाऱ्यापर्यंत पसरला. मी एक दाणा तोंडात टाकला. बाहेरून कोवळा, आतून कडवट आणि मेणचट. बघायला गेलं तर जिवंत.

पिशवीवाल्याकडे गेलो तर तो पान चघळत म्हणाला, "मटार सोलला तरी श्वास घेतो, साहेब. भोक नसेल तर आतली हवा संपते. मग तो आतल्या आत आंबतो, दारूचं पिंप लावल्यासारखं. त्यात तुमची लाइट नाही. मी विचारलं होतं तुम्हाला." विचारलं होतं त्याने. "मटारला?" असं.

तर त्या खोलीत रॅक भरभरून श्वास कोंडलेले होते. जाड प्लास्टिकमध्ये, गारवा नसताना, एकमेकांना चिकटून दाणे गरम होत होते आणि उगाच हिरवे दिसत होते. एखाद्या पिशवीचं सील उसवलं की तो कोंडलेला उच्छ्वास खोलीत यायचा आणि लोकरीच्या कोटात जाऊन बसायचा.

घरी येऊन हे पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "मग मामा?"

"मामाचं वेगळं. त्याच्याकडे बाटली सापडली."

"बाटली वासामुळे आली ना? वास आधी होता."

मी म्हणालो, "बघू." ती उसळीसाठी दुसरं काही निवडायला लागली. नंतर तिने कधी विचारलं नाही. पण बाजारातून आणलेली भाजी ती लगेच पिशवीतून काढायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळायची, मला दिसेल अशी.

स्टोव्हची पिन तापवून मी स्वतः उरलेल्या पिशव्यांना भोकं पाडली. पुढचा माल भोकाच्या पिशव्यांत भरला. चार-पाच दिवसांत वास गेला. पुन्हा आला नाही. दाणे पूर्वीसारखे थोडे सुकायला लागले आणि गिऱ्हाईक पूर्वीसारखा कुरकुरायला लागला. मेहुणा म्हणाला, "बघा भाऊजी, माणूस गेला, वास गेला." बायकाही तसंच म्हणत होत्या. सगळ्यांचा हिशेब माझ्या गप्प बसण्यावर सुटत होता.

उन्हाळा लागला तेव्हा सोलणाऱ्या बायकांतली एक, जिचं माहेर तिकडचं होतं, सांगत होती की मामांच्या मुलीची सोयरीक मोडली. बाप शहरात जाऊन प्यायला, मालकाने तोंड हुंगून हाकलला, असं त्या घराला कळलं. मामांनी शपथेवर सांगितलं, पण शपथ मोडलेल्या माणसाची शपथ कोण धरणार. मी ते ऐकलं आणि वजनकाट्याकडे वळलो. त्या वेळी एक जीप पकडून जाता आलं असतं. त्या घरी जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. मी मोठा माणूस होतो, माझं ऐकलं असतं. उद्या जाऊ म्हणता म्हणता पाऊसकाळ आला.

गेलो तो काही वर्षांनी. शेड तोवर विकली होती. वणीमार्गे सुरगाण्याला उतरलो, तिथून पुढे दुसऱ्या जीपने. मनात वाक्यं तयार होती. पाड्यावर विचारत गेलो तर एका घराच्या ओट्यावर मामा बसलेले दिसले. दुपारची वेळ. अंग वाळलं होतं, डोळे तांबडे होते. मी जवळ गेलो आणि मला तो वास आला. या वेळी तो त्यांच्याच तोंडाचा होता.

"साहेब. तुम्ही आले." ते मनापासून हसले. घोंगडी झटकून अंथरली. "बसा, बसा. कोट कसा हाय?"

मी म्हणालो, आहे. मुलीचं विचारलं. तिला पुढे एका बिजवराला दिली होती, हिवाळ्यात ती ऊसतोडीला गुजरातेत जायची. ते हे सांगत होते आणि मी मान हलवत होतो.

"मामा, मी तुम्हाला एक सांगायला आलोय."

"मलाबी एक इचारायचं हाय. लय दिसांचं. आधी मी इचारू?"

"विचारा."

ते पुढे झुकले. "मी गेल्यावर तो वास गेला का?"

समोर खाचरं वाळलेली होती. कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मी खरं तेच उत्तर दिलं. म्हणालो, "गेला."

त्यांनी मान डोलावली. चेहरा मोकळा झाला. "मला वाटलंच. जीपमधीच कळलं मला. मागल्या सीटवर कोनी नव्हतं नि मानेवर वास येत होता. माझ्यासंगंच घरी आला तो." मग जरा खाजगी आवाजात म्हणाले, "आता रोज देतो त्याला. पानी नाय, खरी. त्याला देऊन उरते ती काय टाकून द्यायची? मी घेतो. आता तो कायच बोलत नाय. बसून राहतो माझ्यापाशी."

त्यांनी ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे काही नव्हतं. ओली जमीन होती, थेंब पडून पडून काळी झालेली.

मला तेव्हा बोलता आलं असतं. पण बोललो असतो तर त्या कोपऱ्यातून त्यांचे वडील मी उठवून नेले असते आणि तिथे मटारच्या पिशव्या ठेवल्या असत्या. मग मुलीची सोयरीक, शपथ, हे रोजचं पिणं, हे सगळं कशासाठी झालं, असं त्यांनी विचारलं असतं. मी गप्प राहण्याला दया म्हटलं. जीपमध्ये बसेपर्यंत मला ते खरंही वाटलं.

"तुमचं काय होतं, साहेब?"

"काही नाही. सहज आलो होतो इकडे."

त्यांनी ग्लास घेतला, कोपऱ्यात चार थेंब सोडले, ओठ हलवले. मग थांबले आणि आणखी चार थेंब सोडले. "हे तुमच्या बाचे," ते म्हणाले. "तेबी आले आसतील तुमच्यासंगं."

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी कळलं की मामा गेले. कसे गेले ते मी विचारलं नाही. मला वाटतं, आता त्या ओट्यावर कुणीतरी त्यांच्या नावाने थेंब सोडत असेल, आणि ते पाणी नसेल.

आजही दुकानात भाजीची पिशवी हातात घेतली की मी आधी बोटांनी भोकं चाचपतो. तो कोट माझ्या कपाटात आहे. त्याला आता कसलाही वास येत नाही. कधीकधी मी कपाटाचं दार उघडून उभा राहतो आणि त्या दिवशी ओट्यावर म्हणायची होती ती वाक्यं मनात म्हणतो. ती अशी:

मामा, तुम्ही प्यायला नव्हतात. तुम्ही माझ्या तोंडावर फुंकर मारलीत तेव्हा मला फक्त भाकरीचा वास आला होता, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. दारूचा वास मटारचा होता. पिशव्यांची भोकं मी बंद करायला लावली होती. तुम्ही गेलात म्हणून तो वास गेला नाही, मी पुन्हा भोकं पाडली म्हणून गेला. तुमच्यामागून जीपमध्ये कुणी आलं नव्हतं. तुमच्या मुलीच्या सासरी जाऊन हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा, मामा.